सीसीएनएचं अभ्याससाहित्य निवडताय? या चुका टाळा

सीसीएनए, म्हणजे सिस्को कंपनीची नेटवर्किंगमधली प्रमाणपत्र परीक्षा, द्यायचं ठरलं की पहिल्याच आठवड्यात फोनमध्ये तीन-चार यूट्यूब प्लेलिस्ट, टेलिग्रामवरच्या डझनभर पीडीएफ आणि मित्राने ड्राइव्हवर टाकलेला एखादा भलामोठा कोर्स गोळा होतो. दोन महिन्यांनी विचारा, ओएसआय मॉडेलचे सात लेयर चार शिक्षकांकडून ऐकून झालेले असतात आणि एनएटीला (आतले आयपी पत्ते बाहेरच्या पत्त्यांत बदलण्याचं तंत्र) अजून हात लागलेला नसतो. अशी मुलं मेहनती असतात, म्हणूनच वाईट वाटतं. दर वेळी नवं साहित्य हाती आलं की पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात होते आणि वेळ त्यातच जातो.

परीक्षेची फी ३०० अमेरिकी डॉलर, वर कर. नोकरी शोधत असलेल्या मुलासाठी ही रक्कम लहान नाही. त्यामुळे पुस्तकावर किंवा क्लासवर खर्च करण्याआधी एक गोष्ट डाउनलोड करा: सिस्कोने स्वतः प्रसिद्ध केलेली परीक्षेच्या विषयांची यादी. ती फुकट मिळते. बाकी जे काही घ्याल ते या यादीशी ताडून घ्या. खाली ज्या चुका सांगतोय, त्यातल्या बहुतेक ही यादी न उघडल्यामुळेच होतात.

परीक्षेचा कोड न बघता पुस्तक घेणं

२४ फेब्रुवारी २०२० पासून सीसीएनएच्या परीक्षेचा कोड २००-३०१ आहे. त्याआधी २००-१२५ हा कोड होता, किंवा तीच परीक्षा १००-१०५ आणि २००-१०५ अशा दोन टप्प्यांत देता यायची. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा कॉलेजच्या सीनियरकडे स्वस्तात मिळणारी जाडजूड पुस्तकं बऱ्याचदा या जुन्या कोडची असतात. त्यात ईआयजीआरपी आणि रिप या राउटिंग प्रोटोकॉलवर पानंच्या पानं आहेत. २००-३०१ च्या यादीत कॉन्फिगर करायचा डायनॅमिक राउटिंग प्रोटोकॉल (राउटरनी एकमेकांना रस्ते कळवण्याची पद्धत) एकच आहे, तो म्हणजे सिंगल एरिया ओएसपीएफ व्हर्जन २. उलट ऑटोमेशन, जेसन (डेटा लिहिण्याचा एक साचा), वायरलेस कंट्रोलर यांना आता बरीच जागा आहे आणि जुन्या पुस्तकात त्यातलं फार थोडं सापडतं.

क्लासच्या झेरॉक्स नोट्सचंही हेच. फ्रेम रिले या मागे पडलेल्या तंत्राचं प्रकरण दिसलं तर त्या नोट्स किती जुन्या आहेत ते तिथेच कळतं. प्रवेश घेण्याआधी नोट्स चाळायला मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरा क्लास बघा.

इथे एक सवलत आहे आणि ती सांगायला हवी. २० ऑगस्ट २०२४ पासून याच परीक्षेची १.१ आवृत्ती लागू झाली, पण तो बदल छोटा आहे. कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटच्या साधनांतून पपेट आणि शेफ गेले, अँसिबलसोबत टेराफॉर्म आलं. एआय आणि मशीन लर्निंगचा एक मुद्दा वाढला. स्पॅनिंग ट्रीमध्ये (स्विचच्या जाळ्यातले लूप टाळणारा प्रोटोकॉल) रूट गार्ड, लूप गार्ड, बीपीडीयू गार्ड, बीपीडीयू फिल्टर यांची नावं आली. त्यामुळे २००-३०१ चं २०२० च्या सुमाराचं पुस्तक अर्ध्या किमतीत मिळत असेल तर बिनधास्त घ्या. एवढे मुद्दे वेगळे वाचले की काम भागतं. २००-१२५ चं पुस्तक मात्र फुकट मिळालं तरी मुख्य पुस्तक म्हणून वापरू नका.

सगळे विषय सारख्याच खोलीने वाचणं

यादीत सहा भाग आहेत आणि प्रत्येकाचं वजन छापलेलं आहे. आयपी कनेक्टिव्हिटी २५ टक्के, नेटवर्कची मूलतत्त्वं आणि नेटवर्क ॲक्सेस प्रत्येकी २० टक्के, सुरक्षा १५ टक्के, आयपी सर्व्हिसेस आणि ऑटोमेशन प्रत्येकी १० टक्के.

टक्क्यांइतकंच महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक मुद्द्याशी काय करता आलं पाहिजे हेही तिथे लिहिलेलं असतं. ओएसपीएफ, एनएटी, एसीएल (कोणतं ट्रॅफिक जाऊ द्यायचं ते ठरवणारी यादी), पोर्ट सिक्युरिटी, डीएचसीपी स्नूपिंग (खोटे डीएचसीपी सर्व्हर रोखणं) हे सगळं कॉन्फिगर करून तपासता आलं पाहिजे. एसएनएमपीचं (नेटवर्कवरच्या उपकरणांवर लक्ष ठेवणारा प्रोटोकॉल) काम समजावता आलं तरी पुरे. एफएचआरपीचा (एक गेटवे राउटर बंद पडला तर दुसऱ्याने त्याची जागा घेण्याची सोय) हेतू आणि कल्पना सांगता यायला हवी, त्यातल्याच एचएसआरपीच्या कमांड पाठ करण्याची गरज नाही. आता तुमचा कोर्स बघा. त्यात एचएसआरपीवर दोन तासांची लॅब आणि डीएचसीपी स्नूपिंगवर पाच मिनिटांची स्लाइड असेल, तर तो कोर्स या परीक्षेसाठी बेतलेला नाही. शिक्षक कितीही छान शिकवत असले तरी.

यादीची प्रिंट काढा आणि प्रत्येक मुद्द्यासमोर तुमच्या साहित्यातलं प्रकरण किंवा व्हिडिओचा नंबर लिहा. तासाभराचं काम आहे. ज्या ओळी रिकाम्या राहतील, फक्त तेवढ्यांसाठी दुसरं साहित्य शोधा.

डंपला सराव समजणं

यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण सर्वात मोठं नुकसान इथे होतं.

"हेच प्रश्न येतात, तीनशे पाठ कर, पास होशील" असा सल्ला देणारा एक तरी सीनियर प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. डंप म्हणजे परीक्षेतून चोरून बाहेर आणलेले प्रश्न. परीक्षा सुरू होण्याआधी तुम्ही गोपनीयतेचा करार मान्य करता. डंप वापरल्याचं निष्पन्न झालं तर निकाल रद्द होऊ शकतो आणि पुढच्या परीक्षांवरही बंदी येऊ शकते. पण ही भीती क्षणभर बाजूला ठेवा. डंपमधली उत्तरं कुणी तपासलेली नसतात. चुकीचं उत्तर पाठ झालं की त्यामागची कल्पनाही डोक्यात चुकीचीच बसते, आणि ती काढणं नव्याने शिकण्यापेक्षा अवघड जातं.

एक उदाहरण घ्या. राउटिंग टेबलमध्ये (राउटरकडची रस्त्यांची यादी) तीन रूट आहेत. चौकोनी कंसात आधी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स, म्हणजे रूट कुठून कळला त्यावरचा विश्वास, आणि मग मेट्रिक, म्हणजे त्या रस्त्याचा खर्च. १०.१.०.०/१६ स्टॅटिक आहे, [१/०]. १०.१.१.०/२४ ओएसपीएफने आलाय, [११०/२]. १०.१.१.१९२/२६ हाही ओएसपीएफचा, [११०/२०]. पॅकेट १०.१.१.२०० ला जायचंय. कोणता रूट वापरला जाईल?

ज्याने फक्त "स्टॅटिकचं ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स १, ओएसपीएफचं ११०, कमी असेल तो जिंकतो" एवढंच पाठ केलंय तो पहिला रूट निवडतो. जो ओएसपीएफच्या दोन रूटमधलं कमी मेट्रिक बघतो तो दुसरा. बरोबर उत्तर तिसरं आहे. /२६ मध्ये १९२ ते २५५ येतात, २०० त्यात बसतो, आणि राउटर सगळ्यात आधी जास्तीत जास्त लांब जुळणारा प्रीफिक्स (पत्त्याचा नेटवर्क दाखवणारा सुरुवातीचा भाग) बघतो. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्सची तुलना होते ती नेमका तोच प्रीफिक्स दोन वेगवेगळ्या मार्गांनी कळला असेल तेव्हा. आता पत्ता २०० ऐवजी १८० करा, उत्तर बदलून /२४ होतं. डंपमध्ये २०० असेल आणि परीक्षेत १८० आलं तर पाठांतर तिथेच संपतं. इंटरव्ह्यूत तर समोरचा माणूस हा आकडा मुद्दाम बदलून विचारतो.

मग चांगली प्रश्नपेढी ओळखायची कशी? बरोबर पर्याय का बरोबर आणि उरलेले तीन का चूक, हे दोन्ही ती सांगते. "परीक्षेतले खरे प्रश्न" किंवा "शंभर टक्के हेच येणार" असं कुठेही लिहिलेलं दिसलं तर ती फाइल डिलीट करा.

व्हिडिओ बघून झाला म्हणजे विषय झाला असं मानणं

व्हिडिओत शिक्षकाच्या कमांड कधी चुकत नाहीत. नेबर (ओएसपीएफने जोडला गेलेला शेजारचा राउटर) लगेच येतो, पिंग लगेच लागतो. कामावर तुमच्याकडे तिकीट, म्हणजे तक्रार, येतं ते काहीतरी बंद पडल्यावरच. म्हणून मला विचाराल तर साहित्यात लॅब आहेत का, याच्यापुढचा प्रश्न विचारा: बिघडवलेल्या लॅब आहेत का?

नसतील तर स्वतः बिघडवा. सिस्कोचा पॅकेट ट्रेसर हा नेटवर्कचा सिम्युलेटर नेटवर्किंग अकॅडमीचं खातं उघडलं की फुकट मिळतो. दोन राउटर जोडा, ओएसपीएफ सुरू करा, "शो आयपी ओएसपीएफ नेबर" मध्ये फुल दिसेपर्यंत थांबा. मग एका बाजूचा हॅलो टायमर (किती सेकंदांनी नेबरला हॅलो पाठवायचा ते) १० वरून १५ करा. डेड टायमर ४० सेकंदांचा असतो, तेवढ्या वेळात नेबर निघून जातो. टायमर पूर्ववत करा, नेबर परत आला की एका बाजूचा एरिया बदला. मग सबनेट मास्क. प्रत्येक वेळी "शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस" दोन्ही राउटरवर शेजारी शेजारी ठेवून फरक शोधा. अशी एक संध्याकाळ गेली की नेबर का होत नाही याची यादी पाठ करावी लागत नाही.

यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुने राउटर आणि स्विच आणू नका. हाताळायला छान वाटतात हे खरं, पण त्यांचं आयओएस (सिस्कोची ऑपरेटिंग सिस्टिम) जुनं असतं, आवाज आणि वीजबिल वेगळंच. सीसीएनएच्या बहुतेक सगळ्या लॅब पॅकेट ट्रेसरमध्ये होतात. तोच पैसा परीक्षेच्या फीसाठी ठेवा.

फक्त मराठी-हिंदीतून शिकून थेट परीक्षेला बसणं

कल्पना आपल्या भाषेत समजून घेण्यात काहीच गैर नाही. व्हीएलएएन (एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्क) आणि ट्रंकिंग (ती एकाच केबलवरून नेणं) मराठीत ऐकलं की पटकन उमगतं आणि मराठीत असं साहित्य आणखी यायला हवं असं मला मनापासून वाटतं. पण परीक्षा मराठीत किंवा हिंदीत होत नाही. १२० मिनिटांत इंग्रजीतले लांबलचक प्रश्न वाचायचे असतात आणि एकदा पुढे गेलात की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही. प्रश्नातला एखादा "नॉट" किंवा "कोणते दोन" नजरेतून सुटला की येत असलेलं उत्तरही चुकतं. म्हणून शिकायचं हवं त्या भाषेत, पण सरावाचे प्रश्न पहिल्या महिन्यापासून इंग्रजीत सोडवा.

सबनेटिंगचंही तसंच. ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर सराव करू नका, परीक्षेत तो मिळत नाही. १९२.१६८.१०.७७/२७ दिलं तर ब्लॉक ३२ चा, नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट ९५, होस्ट ६५ ते ९४, हे कागदावर अर्ध्या मिनिटात यायला हवं.

अडकलात तर साहित्य बदलायचं की पद्धत?

लोक इथे घाईने नवा कोर्स घेतात. आधी दुखणं कुठे आहे ते बघा.

वाचताना सगळं कळतं पण प्रश्न सुटत नाहीत, तर पुस्तक ठीक आहे, लॅब कमी पडतायत. लॅब जमते पण "का" विचारलं की अडतं, तर व्हिडिओ थांबवा आणि तेवढं प्रकरण पुस्तकातून नीट वाचा. सराव परीक्षेत ९० टक्के पडतात पण ती प्रश्नपेढी तुम्ही तिसऱ्यांदा सोडवताय, तर त्या आकड्यावर विसंबू नका. एक प्रश्नसंच अजिबात न उघडता शेवटच्या पंधरवड्यासाठी राखून ठेवावा तो याचसाठी. आणि एकच मुद्दा दोनदा वाचून, लॅब करूनही डोक्यात शिरत नसेल, तर त्या एका मुद्द्यापुरता दुसरा शिक्षक शोधा. अख्खा कोर्स बदलू नका.

नापास झालात तरी हाच नियम. सीसीएनए पुन्हा द्यायला किमान पाच दिवस थांबावं लागतं, पण पाच दिवस संपताच तारीख घेण्याची घाई करू नका. निकालपत्रावर सहाही भागांचे वेगवेगळे टक्के असतात. आयपी कनेक्टिव्हिटीत ४० टक्के आणि सुरक्षेत ८० टक्के असतील, तर प्रिंट काढलेल्या यादीतला तिसरा, म्हणजे आयपी कनेक्टिव्हिटीचा, भाग पुन्हा काढा, त्यातल्या कोणत्या ओळीसमोर लॅब केली नव्हती ते बघा आणि पुढचे दोन-तीन आठवडे तेवढ्याच ओळींना द्या.