लेकराच्या अंगावर अचानक उठलं तर दवाखान्यात जायच्या आधी

आधी फोटो काढा. दारात, उजेडात, चेहरा, पोट, तळवे, बोटांच्या बेचक्या. पित्ताच्या गांधी काही तासांत एकीकडे विरतात, दुसरीकडे उठतात, आणि गावातून तालुक्याला पोचेपर्यंत डॉक्टरांना दाखवायला काहीच उरत नाही.

मग काचेचा ग्लास डागावर दाबून पाहा. दाबल्यावर फिका पडला तर पुढचं वाचा. तसाच लाल-जांभळा राहिला तर रक्त कातडीखाली उतरलेलं असू शकतं. डेंगीत होतं, मेंदूज्वरातही. ताप असो-नसो, तडक मोठा दवाखाना गाठा. ओठ सुजले, श्वास लागला किंवा लेकरू मलूल पडलं तर 108 ला फोन लावा.

ताप आधी आला की पुरळ, हे कागदावर लिहून घ्या. अर्धं निदान तिथंच असतं. गोवरात तीन-चार दिवस ताप, खोकला, लाल डोळे, मग कानामागून पुरळ खाली उतरतं. कांजिण्यांत पाणी भरलेले फोड आणि खपल्या एकाच वेळी दिसतात. लसीचं कार्ड सोबत घ्या: गोवर-रुबेलाचा पहिला डोस 9 ते 12 महिन्यांत, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. कार्ड हरवलं असेल तर आशाताईंना विचारा. गोवरची शंका असेल तर रांगेत बसण्याआधीच सांगा, तिथं तान्ही लेकरंही असतात. आजी ‘देवी आली’ म्हणून लिंबाचा पाला दाराला बांधत असेल तर बांधू द्या, पण दवाखाना थांबवू नका.

नवं औषध सुरू केलं असेल तर बाटली किंवा गोळ्यांची पट्टी तशीच पिशवीत टाका. पहिल्यांदाच अंडं, शेंगदाणा दिला होता का, तेही लिहा. रात्री खाज वाढते आणि घरातलं आणखी कुणी खाजवतंय, तर बहुतेक खरूज. तिचं औषध सगळ्या घरानं एकदमच घ्यायचं. पावसाळ्यात लेकरू बांधावर खेळलं असेल तर सुरवंट किंवा घोणस अळी लागलेली असू शकते, 2022 ला बीडकडं तिचा बोलबाला झाला होता. वैशाखात मानेवर, पाठीवर बारीक पुरळ असेल आणि लेकरू खेळतं-जेवतं असेल तर घामोळं. सुती झबलं घाला, सावलीत ठेवा.

मेडिकलवरून स्वतःच मलम आणू नका, बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. ॲस्पिरिन तर नाहीच. हळद, लेप काही लावून झालं असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, आणि तापाचं औषध किती वाजता, किती दिलं तेही त्याच कागदावर लिहा.