नैराश्य आणि चिंताविकार : घरच्यांनो, या चुका टाळा

"खायला-प्यायला आहे, नोकरी आहे, पोरं गुणी आहेत, मग तुला दुःख कसलं?" नैराश्यात असलेल्या माणसाला हे बहुतेक घरांत ऐकावं लागतं, आणि म्हणणारं माणूस सहसा सगळ्यात जवळचं असतं. हेतू चांगला असतो. पण हा हिशेब त्या माणसाने स्वतःशी कितीदा तरी मांडलेला असतो. 'सगळं असूनही मी असा' हा अपराधीपणा या आजाराचंच एक लक्षण आहे. तुम्ही तोच हिशेब पुन्हा मांडलात की ओझं वाढतं आणि पुढच्या वेळी तो माणूस तुमच्याशी बोलतच नाही. त्याऐवजी "किती दिवस असं होतंय? झोप कशी लागते?" एवढं विचारा आणि उत्तर पुरतं ऐकून घ्या. लगेच उपाय सुचवू नका.

आजार ओळखण्यातली चूक

मोठी माणसं "मला उदास वाटतं" असं क्वचितच सांगतात. ती सांगतात की अंग दुखतं, डोकं जड होतं, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, जेवण जात नाही. पुरुषांमध्ये अनेकदा चिडचिड आणि वाढलेलं पिणं एवढंच दिसतं. घरचे त्याला आळस किंवा बदललेला स्वभाव समजतात. उदासी किंवा कशातच गोडी न वाटणं दोन आठवडे जवळपास रोज टिकलं आणि झोप, भूक, कामावर परिणाम दिसू लागला, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्यावं, कारण त्यांच्या कमतरतेतही अशीच मरगळ येते. मात्र रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून "तुला काहीच झालेलं नाही" असं म्हणू नका. पुढची पायरी मानसोपचारतज्ज्ञाची आहे.

"जरा मन रमव"

हा सल्ला अगदीच चुकीचा नाही. चूक आहे ती तो देऊन आपण बाजूला होण्यात. नैराश्यात काम सुरू करण्याची ताकदच आटलेली असते, त्यामुळे इच्छा होईल मग उठेन अशी वाट पाहिली तर ती इच्छा येत नाही. उलट क्रम चालतो : आधी छोटी कृती, मग थोडं बरं वाटणं. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये याच तत्त्वावर उपचार करून पाहिले. साध्या, प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांना छोट्या छोट्या कामांकडे परत आणलं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नेहमीच्या उपचारांना ही जोड मिळालेले रुग्ण जास्त संख्येने बरे झाले.

घरात हे करायचं तर "फिरायला जात जा" असं न सांगता "सहा वाजता मी चप्पल घालतेय, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ" असं म्हणा. आंघोळ, गॅलरीतल्या झाडांना पाणी, एका माणसाला फोन, इतकं लहान काम ठरवा. नाही जमलं तर टोमणा मारू नका, उद्या पुन्हा विचारा.

चिंतेत फार धीर देणंही अडचणीचं ठरतं

चिंताविकारात चूक उलट्या बाजूने होते. बायको गर्दीला घाबरते म्हणून नवरा बाजाराची सगळी कामं अंगावर घेतो. वडील दिवसातून दहा वेळा "मला अटॅक तर येणार नाही ना?" विचारतात आणि मुलगा दहाही वेळा "नाही हो बाबा" म्हणतो. क्षणभर बरं वाटतं, पण टाळलेल्या प्रत्येक गोष्टीगणिक भीती पक्की होते. एकदा शांतपणे उत्तर द्या. नंतर "हे आपण बोललोय, आता चला, भाजी निवडू" एवढंच म्हणा. बाजारात आधी सोबत जा, मग दुकानाबाहेर थांबा. घाई मात्र नको. भीती घालवायची म्हणून एकदम लोकलच्या गर्दीत ढकलणं हा क्रूरपणा आहे.

छातीत धडधड, हाताला मुंग्या, जीव घाबरा होणं हा पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला जाऊन ओसरू लागतो. तोवर शेजारी बसा, श्वास हळू आणि लांब सोडायला सांगा. पण असं पहिल्यांदाच होत असेल तर ईसीजी काढल्याशिवाय 'मनाचंच असेल' असं ठरवू नका.

सगळ्यात महाग पडणारी चूक

ती गोळ्यांच्या बाबतीत होते. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालीन यांसारख्या नैराश्यावरच्या गोळ्यांचा खरा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. मळमळ, अस्वस्थपणा असा त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच होतो. म्हणून "गुण नाहीच, त्रासच वाढला" म्हणत अनेकजण आठव्या दिवशी गोळी सोडतात. डॉक्टरांना फोन केला असता तर डोस बदलून भागलं असतं.

दुसरे सोडतात ते बरं वाटल्यावर. "किती दिवस खाणार? सवय लागेल" असं घरातूनच कोणीतरी म्हणतं. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. पण एकदम थांबवल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके असा त्रास होऊ शकतो आणि आजार उलटतो. पहिल्या खेपेला पूर्ण बरं वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात आणि मग डॉक्टर ते हळूहळू कमी करतात. व्यसनाची खरी भीती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांची. त्या ठरवून दिलेल्या थोड्या दिवसांसाठीच असतात. जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा पुन्हा आणू नका, आणि रोज घेत असाल तर मनाने बंदही करू नका.

लग्न लावून दिलं की सुधारेल, हा विचार तर सोडूनच द्या. त्यात दोन आयुष्यांची फरपट होते. देवदर्शनाने धीर येत असेल तर जरूर जा, पण गोळी चुकवू नका.

विचारायला घाबरू नका

"जगणं नको असं मनात येतं का?" हा प्रश्न विचारल्याने तो विचार डोक्यात येतो, असं समजून घरचे गप्प राहतात. तसं होत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर माणसाला एकटं सोडू नका. शेतीची फवारणीची औषधं, साठलेल्या गोळ्या त्याच दिवशी घराबाहेर किंवा कुलपात हलवा आणि त्याला डॉक्टरांकडे न्या. प्रयत्न झालाच असेल तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला तीव्र तणावाखाली असलेला मानून शिक्षेपासून संरक्षण दिलं आहे.

केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. महिनोन्महिने सांभाळून तुम्हीच थकला असाल, झोप उडाली असेल, तर स्वतःसाठीही याच क्रमांकावर फोन करा.