एक गिटार, एक गळा: अकूस्टिक पॉप गाणे कसे करावे

१४ जून १९६५ रोजी लंडनमधील ॲबी रोडवरच्या स्टुडिओत पॉल मॅकार्टनी यांनी ‘यस्टरडे’ हे गाणे स्वतःच गिटार वाजवत ध्वनिमुद्रित केले. त्यांच्या बीटल्स या ब्रिटिश बँडच्या इतर तिघांपैकी कोणीही त्यात वाजवलेले नाही. दोन टेक झाले आणि दुसरा ठेवला गेला. घरच्या घरी अकूस्टिक, म्हणजे विजेवर न चालणाऱ्या वाद्यांवरचे, पॉप गाणे करू पाहणाऱ्याला या दोन मिनिटांच्या गाण्याइतका चांगला धडा मला दुसरा माहीत नाही, म्हणून पुढच्या पायऱ्या सांगताना मी वारंवार त्याच्याकडे वळणार आहे.

सुरुवात चालीपासून करावी. मॅकार्टनी यांना चाल आधी सुचली आणि खरे शब्द मिळेपर्यंत ते ‘स्क्रॅम्बल्ड एग्ज’, म्हणजे अंड्याची भुर्जी, असे भरतीचे शब्द घालून ती गात राहिले. आपल्याकडेही चालीवर गीत लिहून घेताना डमी शब्द वापरतात. या पद्धतीचा लाभ असा की, चाल शब्दांच्या ओझ्याखाली वाकत नाही आणि ती टिकाऊ आहे की नाही हे काही दिवसांत कळते. रात्री सुचलेली चाल फोनवर मुद्रित करावी, पण दुसऱ्या दिवशी मुद्रण न ऐकता ती आठवते का, हे आधी पाहावे. आठवली नाही, तर ती ऐकणाऱ्याच्याही लक्षात राहण्याची शक्यता कमी असते.

मराठी शब्द बसवताना मात्र फार जपावे लागते, आणि बहुतेक नवी गाणी इथेच अडखळतात. ‘दिवस’ या शब्दातील ‘दि’ लांब सुरावर पडला की तो ‘दीवस’ ऐकू येतो आणि मराठी कानाला ते लगेच खटकते. दीर्घ अक्षर लांब सुरावर आणि ऱ्हस्व अक्षर आखूड सुरावर येईल असा शब्द शोधावा. दुसरी अडचण ओळीच्या शेवटी येते. ‘घर’, ‘मन’, ‘वाट’ हे शब्द बोलताना आपण व्यंजनावर थांबवतो. अशा शब्दावर सूर धरून ठेवायचा झाला, तर एक तर शेवटचा ‘अ’ लांबवावा लागतो, नाही तर सूर अर्ध्यात तोडावा लागतो. म्हणून मुखड्याच्या शेवटी ‘वारा’, ‘गाणे’, ‘वाटा’ असे स्वरान्त शब्द आले की गळा मोकळा राहतो. ओळ भरून काढण्यासाठी ‘रे’, ‘गं’, ‘हा’ अशी अक्षरे कोंबू नयेत. ‘यस्टरडे’चे कडवे रूढ आठ मापांचे (माप, म्हणजे बार, हा तालाच्या ठोक्यांचा एक गट) नसून सातच मापांचे आहे आणि त्यात काही कमी पडल्यासारखे वाटत नाही. ओळ जिथे संपते तिथे तिला संपू द्यावे.

यानंतर पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ ‘सा’, ठरवावी. गाण्यातला सर्वांत वरचा सूर ताण न देता आणि सर्वांत खालचा सूर न पुटपुटता लागला पाहिजे. गिटारवर सोप्या कॉर्ड्स ठेवूनही पट्टी बदलता येते. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चाप, दुसऱ्या पडद्यावर लावून जी मेजर पट्टीतल्या कॉर्ड्सचे आकार वाजवले, तर गाणे हार्मोनियमच्या पांढरी पाचऐवजी (जी) पांढरी सहामध्ये (ए) ऐकू येते. मॅकार्टनी यांनी उलटे केले. त्यांनी सगळ्या तारा एक पूर्ण स्वर उतरवल्या, त्यामुळे बोटे जी मेजरची असली तरी गाणे पांढरी चारमध्ये (एफ) आहे. उतरवलेल्या तारांचा आवाज थोडा सैल आणि मऊ येतो, तो या गाण्याला शोभतो.

ध्वनिमुद्रणाला महागडा स्टुडिओ लागत नाही, शांत खोली लागते. पंखा आणि फ्रिज बंद करावा, खिडक्या लावाव्यात आणि शेजारपाजारच्या कुकरच्या शिट्या थांबल्यानंतरची वेळ निवडावी. कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्याच्यासमोर बसले किंवा पाठीमागे गोधड्या टांगल्या, तर भिंतींवरून परतणारा आवाज बराच कमी होतो. नव्या तारा आदल्या दिवशी चढवाव्यात, कारण अगदी ताज्या तारा सारख्या उतरतात. माइक गिटारच्या भोकासमोर ठेवू नये, तिथे आवाज घुमतो. बाराव्या पडद्याच्या समोर साधारण २० ते ३० सेंटिमीटरवर ठेवावा. आवाजाची पातळी अशी ठेवावी की सर्वांत जोराची ओळही मुद्रणाच्या मीटरवर उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. प्रत्येक टेकपूर्वी गिटार पुन्हा सुरात लावावी.

गिटार आणि गायन एकत्र मुद्रित करावे की वेगवेगळे, यावर मतभेद आहेत. वेगवेगळे केल्यास चूक दुरुस्त करणे सोपे जाते, हे खरे. तरीही माझे मत एकत्र मुद्रणाच्या बाजूचे आहे, कारण ओळीच्या शेवटी गायक जो क्षणभर थांबतो तो श्वास गिटारलाही घ्यावा लागतो आणि तो मेट्रोनोमच्या (एकसारखी लय देणाऱ्या यंत्राच्या) ठोक्यावर मागाहून आणता येत नाही.

इतर वाद्ये हवीत का, हा प्रश्न यानंतरच विचारावा. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी ‘यस्टरडे’साठी चार तंतुवाद्ये सुचवली. गाणे गोड गोड होईल अशी मॅकार्टनी यांना धास्ती होती, म्हणून वादकांनी स्वर थरथरवू नयेत असा त्यांचा आग्रह राहिला. १७ जूनला मुद्रित झालेली ही वाद्ये दुसऱ्या कडव्यापासून येतात. पहिले कडवे गिटार आणि गळा यांचेच आहे. भर घालण्याचे हे माप आपणही लावावे.

मिक्सिंग, म्हणजे मुद्रित आवाजांचा मेळ घालणे, थोडक्यात उरकावे. गिटारमधला सुमारे ८० हर्ट्झखालचा घुमारा काढावा, गायन पुढे ठेवावे आणि फोनचा स्पीकर, इअरफोन व गाडी या तिन्ही ठिकाणी शब्द कळतात का ते तपासावे. आवाज दाबून मोठा करण्याचा हव्यास धरू नये, कारण स्पॉटिफायसारखी माध्यमे सर्व गाणी उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक) आसपास आणतात.

प्रसिद्धीपूर्वी गीतकार, संगीतकार आणि ध्वनिमुद्रणाचा मालक कोण, हे मित्रांमध्येसुद्धा लेखी ठरवावे. गीतकार आणि संगीतकार यांना १९६९ साली स्थापन झालेल्या आयपीआरएस या, त्यांचे मानधन गोळा करणाऱ्या संस्थेचे सदस्य होता येते. गाणे ऑनलाइन माध्यमांवर पोचवणाऱ्या वितरकाकडून मिळणारा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी संकेतांक, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाची ओळख, जपून ठेवावा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे प्रसिद्धीच्या किमान सात दिवस आधी पाठवावे. तिथे ३० सेकंद ऐकल्यावरच एक श्रवण मोजले जाते, म्हणून सुरुवातीची गिटार दोन-चार मापांत आटोपणे हिताचे आहे.

प्रतिसादाची घाई करू नये. ब्रिटनमध्ये ‘यस्टरडे’ १९६५ साली सिंगल, म्हणजे एकट्या गाण्याची तबकडी, म्हणून आलेच नाही, ते ‘हेल्प!’ या अल्बममध्ये होते. अमेरिकेत सिंगल निघाले आणि ते बिलबोर्डच्या यादीत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. ब्रिटनमधील सिंगलला १९७६ उजाडले. मधल्या काळात असंख्य गायकांनी ते आपापल्या गळ्यातून गायले होते. आपल्या गाण्याच्या कॉर्ड्स आणि पट्टी गाण्यासोबतच द्याव्यात. कोणी ते गाऊन पाठवले, तर आकड्यांपेक्षा ते लक्षपूर्वक ऐकावे आणि त्यांनी चाल कुठे सोपी केली, कोणता शब्द नकळत बदलला, हे वहीत टिपून ठेवावे. तीन-चार जणांनी एकाच जागी बदल केला असेल, तर पुढच्या गाण्याला बसण्यापूर्वी ती ओळ पुन्हा गाऊन पाहावी.