निळा लेझर मंदावला? ४७३ नॅनोमीटर मॉड्यूलची दुरुस्ती आणि जुळवणी

या मॉड्यूलमध्ये ८०८ नॅनोमीटरचा पंप डायोड एनडी-याग क्रिस्टलला चेतवतो. त्यातून ९४६ नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त प्रकाश निघतो आणि एलबीओ क्रिस्टल त्याची वारंवारता दुप्पट करून ४७३ नॅनोमीटरचा निळा किरण देतो. निळा मंदावला की बहुतेक जण थेट किरण जुळवणाऱ्या आरशाच्या स्क्रूला हात घालतात. ते काम सर्वांत शेवटचे. बऱ्याचदा त्याची गरजच पडत नाही.

निळा किरण ५० मिलिवॅटचा असला तरी आतला पंप वॅटमध्ये असतो. ८०८ फार तर मंद लालसर दिसतो, ९४६ मुळीच दिसत नाही. त्यामुळे फक्त निळा अडवणारा गॉगल इथे कामाचा नाही. ४७३, ८०८ आणि ९४६ या तिन्हींसाठी ऑप्टिकल डेन्सिटी (प्रकाश अडवण्याचे माप) ४ किंवा जास्त लिहिलेला गॉगल नसेल, तर झाकण उघडूच नका. अंगठी, घड्याळ काढा, दार आतून लावा आणि किरणासमोर काळा, चकाकी नसलेला धातूचा ठोकळा ठेवा.

गोव्यात आणखी एक अडचण असते, ती हवेची. पावसाळ्यात २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असली की दवबिंदू सुमारे २६ अंशांवर जातो. पेल्टिएने (विजेवर थंड करणाऱ्या पट्टीने) २० अंशांवर ठेवलेल्या क्रिस्टलवर उघड्या मॉड्यूलमध्ये पाणी धरते, आणि एलबीओ तर ओलावा ओढून घेणारा. एसीच्या खोलीत २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १४ अंशांच्या आसपास राहतो, तिथे काम करता येते. घाई नसेल तर पावसाळा सरून दिवाळीत नरकासुर जाळून झाल्यावरच झाकण काढा.

आधी बाहेरून तपासा. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. त्या कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. पंखा फिरतो का, बाहेरच्या काचेवर धूळ किंवा बुरशी आहे का, ते पाहा. काच ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या लेन्स टिश्यूने, न दाबता, एकाच दिशेने ओढून पुसा. ॲसिटोन वापरू नका, त्याने आतला चिकटवलेला गोंद मऊ होतो. वीज बंद करून थर्मिस्टरचा (तापमानानुसार बदलणारा) रोध मोजा: बहुतेक मॉड्यूलमध्ये तो २५ अंशांना १० किलोओहम असतो, म्हणजे ३० अंशांना साधारण ८. मीटरवर 'ओपन' आले तर ड्रायव्हर, म्हणजे डायोडला वीज देणारे सर्किट, डायोड चालूच करणार नाही. पेल्टिएच्या तारा सोडवून मीटर मिलिव्होल्टवर लावा आणि हीटसिंक तळहाताने गरम करा. आकडा हललाच नाही तर पेल्टिए गेला.

डायोडची तार सोडवायच्या आधी वीज बंद करा, दोन्ही पाय शॉर्ट करा आणि अंगातली स्थिर वीज जमिनीत सोडणारा १ मेगाओहमचा मनगटी पट्टा घाला. चालू ड्रायव्हरला डायोड कधीच जोडू नका. कपॅसिटरमधला साठा एका झटक्यात तो जाळतो.

सर्व ठीक असूनही निळा कमीच असेल तर तापमान पाहा. डायोडची तरंगलांबी दर अंशाला सुमारे ०.३ नॅनोमीटर सरकते आणि यागचा शोषणपट्टा अरुंद असतो, म्हणून डायोडचे तापमान अर्ध्या अंशाने बदला, दोन मिनिटे थांबा, पॉवर मीटर वाचा. याग क्रिस्टल मात्र थंडच हवा: ९४६ च्या संक्रमणाची खालची पातळी मूळ पातळीच्या इतकी जवळ असते की गरम क्रिस्टल स्वतःचाच प्रकाश शोषतो.

आता आरसा. तो गोंदाने चिकटवलेला असेल तर इथेच थांबा; गोंद फोडून परत जुळवणे घरी सहसा जमत नाही. स्क्रू असतील तर प्रत्येकाची जागा नेलपॉलिशच्या रेघेने खूण करा. करंट निळा जेमतेम दिसेल इतका कमी ठेवा आणि मीटरपुढे अवरक्त अडवणारा फिल्टर लावा, नाहीतर गळणारा पंपही निळ्यात मोजला जाईल. एका वेळी एकच स्क्रू, फेऱ्याचा आठवा भाग. आकडा वाढला तर पुढे, घटला तर मागे. आडवा-उभा आलटून पालटून. किरणासमोर धरलेल्या कार्डावरचा ठिपका दोन तुकड्यांत दिसला तर आरसा अजून कललेला आहे. गोल ठिपका मिळाला की एलबीओचा कोन हलकेच फिरवून कमाल गाठा. लॉक स्क्रू आवळताना जागा हलतेच, म्हणून मीटरकडे पाहत दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळा.

करंट वाढवून जुनी चमक आणण्याचा मोह टाळा. तो फक्त डायोडचे आयुष्य खातो. झाकण बसवताना जुना सील बदला आणि आत ओव्हनमध्ये १२० अंशांवर सुकवून थंड केलेल्या सिलिका जेलची नवी पुडी ठेवा.