ओल भिंतीची नव्हती, पन्हळीची होती

खोलीच्या कोपऱ्यात, छताजवळ, दर पावसाळ्यात ओल यायची. मी दोनदा पोपडे खरवडून रंग दिला, तरी ओल पुन्हा तिथेच. शेवटी भर पावसात छत्री घेऊन बाहेर उभी राहिले, तेव्हा दिसलं: पन्हळ भरून वाहत होती आणि पाणी मागच्या काठावरून भिंतीत उतरत होतं.

पाऊस उघडल्यावर शिडी लावली. शिडी धरायला खाली कुणीतरी हवंच, यात तडजोड नको. पन्हळीत पानं, माती, चक्क एक रोपटंही. हातमोजे घालून सगळं बादलीत काढलं. पाण्याने पाइपकडे ढकललं नाही, कारण गाळ उभ्या पाइपच्या वळणात जाऊन बसतो. तो पाइप आधीच तुंबला होता. खालच्या तोंडातून पाण्याची नळी वर सारून जोरात पाणी सोडलं, तेव्हा कुजलेल्या पानांचा काळा गोळा सुटला.

मग वरून बादलीभर पाणी ओतून पाहिलं. मधोमध डबकं साचलं. तिथला क्लॅम्प ढिला होऊन पन्हळीला झोळ आला होता. तो वर उचलून घट्ट केला. 3 मीटरला साधारण 6 मिलिमीटर उतार पुरतो. पन्हळीचा सांधा पूर्ण कोरडा झाल्यावर त्याची फट बुजवायला सिलिकॉन लावलं.

100 चौरस मीटर छतावर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर 2,500 लिटर पाणी होतं. ते पायाशी मुरू नये म्हणून पाइपचं तोंड भिंतीपासून दीड-दोन मीटर लांब नेलं. रंग मात्र भिंत आतून सुकल्यावरच दिला. आता पावसाआधी एकदा आणि पानगळीनंतर एकदा पन्हळ साफ करते.