मे महिन्यात काजळी मोजायची तर

जळगावात मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकतो, म्हणून ज्योतीतली काजळी लेझरने तापवून, तिच्या उजेडावरून मोजायचा बेत पहाटेचाच ठेवा. दुपारी लेझर थंड ठेवणारा चिलर दमतो आणि लेझरच्या पल्सची ऊर्जा हलू लागते. कूलर, पंखे बंद करा. घामाच्या धारा लागतील, पण डुलणाऱ्या ज्योतीवरचं मोजमाप कशाच्याच कामाचं नसतं. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा: बर्नरला इथिलीन वायू देणाऱ्या नळीचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासा, बर्नर पेटवून तापू द्या, ज्योतीची उंची स्थिरावली की मगच लेझरकडे वळा.

लेझर 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचा घ्या. तो दिसत नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही; गॉगलवर हाच आकडा आहे ना, हे प्रत्येकाने स्वतः वाचावं. अंगठ्या, बांगड्या, घड्याळं काढून ठेवा. 532 चा हिरवा लेझर हाताशी असला तरी मोह नको, त्याने ज्योतीतले बहुवलयी हायड्रोकार्बनही (कार्बनच्या अनेक कड्या जोडलेले रेणू) चमकतात आणि काजळीच्या उजेडात मिसळतात. लेन्सवरची धूळ आधी ब्लोअरने उडवा, मग पुसा. कोरडी धूळ घासली की ओरखडे आलेच.

काही नॅनोसेकंदांच्या पल्सने काजळीचे कण 4000 केल्विनच्या आसपास तापून लखलखतात. 1977 साली संशोधक एकब्रेथ यांना रामन मोजमापात (विखुरलेल्या लेझर प्रकाशावरून ज्योत तपासण्याच्या पद्धतीत) हा उजेड अडथळा ठरला होता; 1984 मध्ये मेल्टन यांनी त्यातूनच काजळीचं प्रमाण आणि कणांचा आकार काढता येतो, हे मांडलं. बारीक कण लवकर निवतात, त्यामुळे काही नॅनोसेकंदांचा फरक टिपणारा डिटेक्टर आणि त्याच्या सिग्नलचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप हवाच.

ऊर्जा हळूहळू वाढवत सिग्नल नोंदवा. तो जिथे सपाट होतो तिथेच काम करा. त्यापुढे काजळीची वाफ फार होते. लेझर अडवून नुसत्या ज्योतीचा उजेडही नोंदवा. आणि कॅलिब्रेशन, म्हणजे सिग्नलची काजळीच्या खऱ्या प्रमाणाशी सांगड, टाळू नका: त्याच ज्योतीतून 632.8 नॅनोमीटरचा हेलियम-निऑन किरण सोडून तो किती मंदावतो ते मोजा, ज्योतीशिवायचं वाचन आधी आणि नंतरही घ्या. त्याशिवाय हाती येतात ते नुसते व्होल्ट.

पऱ्हाट्यांच्या चुलीची काजळी मोजायची घाई मला समजते, ती आपल्या आया-बहिणींच्या छातीत जाते. पण त्या धुरात राख आणि डांबरी थेंबही असतात. आधी इथिलीनच्या ज्योतीवर हात बसू द्या.