कोजागरी ते चंपाषष्ठी: नाशिकच्या थंडीसाठी घराची तयारी

कोजागरीचं दूध गच्चीवर आटत असताना खांद्यावर शाल घ्यावीशी वाटली की मी घराच्या तयारीला लागते. तिथून चंपाषष्ठीच्या वांग्याच्या भरतापर्यंत पन्नासएक दिवस मिळतात, आणि ते पुरतात. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा १० अंशांखाली उतरतो, निफाडला तर काही वर्षी ५ च्याही खाली जातो आणि द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. तोवर थांबलं तर घाईघाईत एक हीटर घरात येतो आणि पुढच्या महिन्यात बिल येतं.

आमचं घर गंगापूर रोडला चौथ्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. सासूबाई पंचाहत्तरीला आल्या आहेत, त्यांचे गुडघे थंडी सोसत नाहीत. त्यांच्यासाठी दरवर्षी थोडं थोडं करत गेले आणि एक गोष्ट मनात पक्की झाली: आपल्या हवेत घर तापवावं लागत नाही. दुपारी ऊन ते फुकट तापवतं. आपण फक्त ती ऊब रात्री निसटू द्यायची नाही. तयारीचा क्रमही यातूनच ठरतो. आधी वारा, मग ऊन, मग पाणी, मग अंथरूण, आणि हीटर सगळ्यात शेवटी.

कामाला हात घालण्याआधी मागच्या वर्षीची विजेची बिलं काढून बसा. बिलावर आधीच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. ऑक्टोबरचे युनिट आणि जानेवारीचे युनिट शेजारी लिहा. पंखे बंद असूनही जानेवारीचा आकडा मोठा असेल, तर तो फरक जवळजवळ सगळा पाणी तापवण्याचा आणि हीटरचा. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे आहेत आणि वरच्या टप्प्यातलं युनिट महाग पडतं. म्हणून वाचवलेलं युनिट नेहमी आपल्या सगळ्यात महाग टप्प्यातलं असतं.

आता वारा. थंडीतल्या एखाद्या पहाटे, वारा असताना, सगळे पंखे बंद करून एक उदबत्ती पेटवा आणि ती प्रत्येक खिडकीच्या चौकटीपाशी, दाराच्या फटीपाशी, स्विचबोर्डापाशी सावकाश फिरवा. धूर जिथे आडवा पळतो तिथे खडूनं खूण करा. आमच्याकडे पहिल्या वर्षी अकरा खुणा झाल्या. सगळ्यात वाईट निघाल्या सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या. त्यांच्या कडेला ब्रशसारखी मऊ पट्टी असते, ती पाच-सहा वर्षांत झिजून सपाट होते आणि काच बंद असूनही वारा सुसाट आत येतो. ती पट्टी ॲल्युमिनियमचं काम करणाऱ्याकडे फुटावर मिळते, जुनी ओढून काढायची आणि नवी खाचेत सरकवायची. चौकट आणि भिंत यांच्यामधल्या भेगेत सिलिकॉन भरायचं. मात्र खालच्या पट्टीतली पाणी जायची बारीक भोकं बुजवू नका, पुढच्या आषाढात पाणी आत येईल.

एसीच्या नळीसाठी भिंतीला पाडलेलं भोक नळीभोवती उघडंच असतं, ते पाहा. मुख्य दाराखाली रबरी पट्टी लावा, नाहीतर जुन्या चादरीची लांब सुरळी करून रात्री टेकवून ठेवा. गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याचं दार रात्री लावायची सवय सगळ्या मजल्यावरच्यांना लागली तर अर्ध्या इमारतीला फरक पडतो.

दोन जागा मात्र कधीही बंद करायच्या नाहीत. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. त्यामुळे स्वयंपाकघराच्या दाराखालची फट आणि खालची जाळी मोकळीच हवी. न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर मी हात जोडून सांगते, तो बाहेर बाल्कनीत किंवा डक्टमध्ये बसवून घ्या, आणि तोवर खिडकीच्या काचपट्ट्या उघड्या ठेवा. बंद न्हाणीघरात त्याच्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस मदतीला हाक मारायच्या आत शुद्ध हरपतो.

उन्हाचं गणित सोपं आहे आणि ते आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं. दक्षिणायन संपत आलं की सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर, त्यामुळे २२ डिसेंबरच्या आसपास भर दुपारीही तो आभाळात निम्म्याच उंचीवर, सुमारे ४६ अंशांवर असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत लांबवर शिरतं. मे महिन्यात तोच सूर्य डोक्यावर येतो आणि ती खिडकी सावलीत राहते. थंडीला दक्षिणेच्या खिडकीइतका चांगला हीटर नाही. ती काच आतून-बाहेरून धुवा, तिच्यासमोरचं कपाट हलवा, जाड पडदा नऊ वाजता पूर्ण सारा आणि साडेचार-पाचला, ऊन उतरताच, ओढून घ्या. पडदा जमिनीपर्यंत पोचणारा हवा. खिडकीच्या कट्ट्यावर संपणारा पडदा गार हवा खालून सोडत राहतो.

घर घेणार असाल तर हेही ध्यानात ठेवा. डिसेंबरच्या दुपारी इमारतीची सावली साधारण तिच्या उंचीएवढीच पडते. दक्षिणेला ४० फूट उंच इमारत ४० फुटांच्या आत असेल, तर तुमच्या तळमजल्यावर थंडीत दुपारीही ऊन येणार नाही.

सासूबाईंची खोली आम्ही तीनएक महिन्यांसाठी बदलतो. एरवी त्या उत्तरेच्या खोलीत झोपतात, कारण उन्हाळ्यात ती गार. मार्गशीर्ष लागला की त्यांचा पलंग दक्षिणेच्या खोलीत येतो. खर्च शून्य. मी आजवर केलेल्या सगळ्या उपायांत त्यांना सर्वांत जास्त आराम याच एका गोष्टीनं मिळाला.

जमीन थोडक्यात. फरशी पायातली ऊब फार लवकर ओढून घेते, मग ती कोटा असो की व्हिट्रिफाइड. पलंगाशेजारी, देवघरासमोर आणि जेवायच्या जागी सतरंजी अंथरा, घरात वापरायच्या चपला वेगळ्या ठेवा. पलंग बाहेरच्या भिंतीपासून वीतभर सरकवा. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा (पाणी अडवायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) कुठे पोकळ वाजतो, कुठे ओल धरतो ते पाहून घ्यावं, कारण ओला स्लॅब कोरड्यापेक्षा जास्त गार राहतो. निरभ्र रात्री स्लॅब आपली उष्णता थेट आभाळाला देऊन टाकतो, म्हणून वरच्या मजल्याला पहाट जास्त बोचते.

पाण्यावर मात्र नीट वेळ द्या, कारण आपल्या घरातली तापवण्याची बहुतेक वीज तिथेच जाते. १५ लिटरचा गिझर १८ अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत नेतो तेव्हा पाऊण युनिट लागतं. चार माणसांच्या आंघोळीचे तीन युनिट, महिन्याचे नव्वद. यात बचत कुठे? बादलीभर कोमट पाण्याला लागायची ती उष्णता लागणारच, ती टळत नाही. टळतं ते तापवून ठेवलेलं पाणी गार होणं. गिझर पहाटे पाचला लावून शेवटची आंघोळ नऊला, असं आमच्याकडे चालायचं. आता आंघोळी एकामागून एक होतात आणि शेवटच्या माणसाच्या आधी बटण बंद होतं. थर्मोस्टॅट ५० ते ५५ वर ठेवा, त्यानं क्षारही कमी धरतो. बोअरचं पाणी असेल तर दिवाळीआधी प्लंबरला बोलावून टाकी उघडून घ्या, कॉइलवरचा पांढरा थर काढा आणि आतली मॅग्नेशियमची कांडी झिजली असेल तर बदला. ती कांडी स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवते. नवा गिझर घेताना एवढं लक्षात असू द्या की त्यावरचे स्टार पाणी किती लवकर तापतं याचे नसून तापलेलं किती वेळ टिकतं याचे असतात.

सासूबाईंची आंघोळ आम्ही सकाळी सातवरून दुपारी बारावर नेली. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी सूर्योदयाला सगळ्यात गार असतं, दुपारी तेच हाताला बरं लागतं. वीज कमी लागते आणि आंघोळ करून त्या थेट उन्हात जाऊन बसतात. सुरुवातीला त्यांना हे पटलं नव्हतं, आंघोळीआधी पूजा कशी करायची म्हणून. सकाळी हातपाय-तोंड धुऊन त्या दिवा लावतात, पूजा बाराला. देवानं मानलं असावं.

सोलर वॉटर हीटर असेल तर नळ्यांवरची धूळ हीच त्याची मोठी शत्रू. दसरा झाला की सकाळी, नळ्या तापायच्या आत, ओल्या फडक्यानं पुसा. दुपारी गार पाणी मारू नका, काच तडकते. प्रत्येक नळीच्या टोकाला आतून चंदेरी रंग असतो, तो पांढरा पडला असेल तर नळीतली निर्वात पोकळी गेली असं समजा आणि ती नळी बदला. गच्चीवरून न्हाणीघरापर्यंतच्या गरम पाण्याच्या पाइपावर काळ्या फोमचं वेष्टण असतं, ते उन्हानं दोन-तीन वर्षांत भुगा होतं. नळ सोडल्यावर गरम पाणी येईपर्यंत किती गार पाणी जातं ते बादलीत धरून मोजा. ती बादली भांड्यांना वापरा, ओतून देऊ नका.

अंथरुणाचं काम दिवाळीच्या आवराआवरीतच होतं. गोधड्या दोन दिवस कडक उन्हात, दोन्ही बाजूंनी. कापसाची गादी दबली असेल तर पिंजून घ्या, कारण ऊब कापूस देत नाही, कापसात अडकलेली हवा देते. आणि एक गोधडी अंगाखाली घाला. माणसं तीन तीन पांघरुणं घेतात आणि खालून गार पडतात. झोपण्याआधी अर्धा तास गरम पाण्याची पिशवी पायथ्याशी ठेवली की अंथरुणात शिरताना जीव गोळा होत नाही.

एवढं करूनही घरात तान्हं बाळ असेल, आजारी किंवा म्हातारं माणूस असेल तर हीटर लागतो, त्यात काही चूक नाही. पण हिशेब माहीत असावा. दहा बाय बाराच्या खोलीतली नुसती हवा १० अंशांनी तापवायला युनिटचा दहावा भाग जेमतेम लागतो. दोन हजार वॅटचा हीटर तासाला दोन युनिट खातो. बाकीची ऊब भिंती, स्लॅब आणि फटी घेऊन जातात. म्हणून फटी आधी. रोज तीन तास लावला तर महिन्याला १८० युनिट, आणि बिलाचा टप्पा ओलांडलाच. विजेची गरम चादर शंभर-दीडशे वॅटची असते, ती थेट माणसाला ऊब देते. झोपायच्या आधी लावा, झोपताना बंद करा.

हीटर कधीही एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. दोन वर्षांपूर्वी आम्ही लावला होता. तासाभरात जळका वास आला, पाहिलं तर बोर्ड वितळून सतरंजीला चिकटला होता आणि सासूबाई तीन हातांवर झोपलेल्या. त्या रात्रीनंतर मी इलेक्ट्रिशियन बोलावून त्या खोलीत वेगळ्या वायरचा १६ अँपिअरचा पॉइंट काढून घेतला, अर्थिंग तपासलं आणि घराला ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच, बसवला. हे काम डिसेंबरमध्ये करायला गेलात तर माणूस मिळत नाही, नोव्हेंबरातच उरका. पाण्यात सोडायचा रॉड वापरत असाल तर प्लास्टिकची बादली, आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट नाही. मुलांना हे वाक्य पाठ करायला लावा.

बंद खोलीत शेगडी किंवा निखारे घेऊन झोपू नका. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्यांचे निखारे धूर देत नाहीत म्हणून निर्धोक वाटतात, पण कार्बन मोनॉक्साइड त्यातूनही निघतो. शेकायचं ते अंगणात.

छत स्वतःचं असेल तर सोलर पॅनेलचा विचार याच दिवसांत करा. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ ला ६०,००० आणि ३ किंवा जास्तीला ७८,००० रुपये अनुदान आहे. अर्ज ते मीटर बसेपर्यंत वेळ जातो, त्यामुळे ही तयारी पुढच्या थंडीची समजा.

खिडक्या दिवसभर बंद ठेवू नका. अकरा ते तीन उघडा, स्वयंपाकाची वाफ आणि श्वासाची दमट हवा बाहेर जाऊ द्या, नाहीतर उत्तरेच्या भिंतीवर बुरशी धरते. भोगीच्या दिवशी बाजरीची भाकरी थापण्याआधी एकदा पुन्हा उदबत्ती फिरवा, कारण दाराखालची पट्टी तोवर सैल झालेली असते. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते. त्या आठवड्यात सासूबाईंचा पलंग उत्तरेच्या खोलीत परत जातो, सतरंज्या धुऊन माळ्यावर जातात आणि मीटरचा आकडा मी कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवते, कोजागरीच्या आकड्याच्या खाली.